नाना आणि पेढे

नाना पेढा खात नसत. मधुमेह वगैरे काही नव्हता. श्रीखंडाची दुसरी वाटी ते मागून घेत. पण कुणी पेढ्यांचा पुडा पुढे केला की त्यांचे हात पाठीमागे जात. मला तो म्हातारपणीचा तऱ्हेवाईकपणा वाटे.

बडोद्याच्या आमच्या मराठी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर नाना रोज ठळक बातम्या लिहीत. ड्रॉइंगचे मास्तर, अक्षर देखणं; शब्दांच्या बाबतीत मात्र भलते खडूस. पुढारी मारला गेला की ‘हत्या’च लिहायचे. ‘खून’ चालत नसे. म्हणत, “खून बांधावरच्या भांडणातही होतो. याला मारलं ते त्याच्या मतांपायी. ते लोकांना कळू दे.”

एकदा अशीच बातमी आली. मेलेला पुढारी आमच्यातल्या विकासच्या विरोधी पक्षाचा. नाना यायच्या आत विकासने फळ्यावर मोठ्या उत्साहात ‘वध’ लिहून टाकलं. नानांनी डस्टर शोधलं नाही, तळहातानेच ते पुसलं.

“शुं थयुं, नाना? कंसाचा वध म्हणतोच की आपण,” विकास हसत म्हणाला.

“म्हणूनच. वध म्हटलं की मेलेला राक्षस ठरतो. मग पेढे वाटता येतात.”

“पेढे कोण वाटतंय?”

“मी वाटलेत,” नाना म्हणाले.

खडूने माखलेला हात तसाच धरून त्यांनी सांगितलं. दिल्लीत त्या म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या, त्या संध्याकाळी कॉलेजातले नाना पेढे घेऊन आपल्या शाळेतल्या गुरुजींकडे गेले होते. गुरुजी खादीवाले, त्यांना खिजवायलाच गेले. पण गुरुजींना बातमीच कळली नव्हती. पुडा पाहून ते म्हणाले, “पास झालास वाटतं?” आणि कौतुकाने पेढा तोंडात टाकला. तेव्हा नाना म्हणाले, “वध झाला, गुरुजी.”

“ते उठून मोरीत गेले. बराच वेळ चुळा भरत होते. मी पळून आलो. पुन्हा त्यांच्यासमोर जायची छाती झाली नाही, आणि एक दिवस ते गेले.”

विकासने खडू उचलला आणि ‘हत्या’ लिहिलं.

शेवटच्या आजारात नाना बडोद्यातच, समा भागात मुलाकडे होते. मला नुकतीच नोकरी लागली होती. आनंदाच्या भरात मी सगळं विसरले आणि पेढे घेऊन गेले, याचा आजही स्वतःवर राग येतो. नानांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. पुडा मात्र त्यांनी लगेच ओळखला. हात पांघरुणाखाली ओढून घेत त्यांनी घाबरून विचारलं, “कोण गेलं?”

“कुणी नाही, नाना. मला नोकरी लागली.”

त्यांचा विश्वास बसला नाही.