विचारून थांबायचं

चाकणच्या कारखान्यात मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर सुपरवायझर झाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, हिला बोलता येतं. मला बोलता यायचंच. थांबता येत नव्हतं.

महिन्यातून एकदा प्रत्येक ऑपरेटरशी समोरासमोर बसून बोलायचं, अशी पद्धत होती. एकदा ट्रेनिंगचे साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. रिटायरमेंटला आलेला, शांत माणूस. समोर निघोज्याच्या एक ताई होत्या. लाईनवरचा सगळ्यात साफ हात त्यांचा, पण नवीन टेबलं आल्यापासून त्यांचे जोड सारखे चुकत होते.

"ताई, काय अडचण आहे? घरी काही टेन्शन? झोप होत नाही का? चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून घ्या," मी म्हणाले.

"व्हय मॅडम," ताई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

साहेब हसले. "प्रश्न तुमचा, उत्तरंही तुमचीच. त्यांनी फक्त सही केली."

मला राग आला. रहाटणीला घरी येईपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. पण खोटं काय बोलले होते ते?

दुसऱ्या दिवशी ताईंना पुन्हा बोलावलं. "ताई, नवीन टेबलावर काम करताना काय होतं?" एवढंच विचारलं आणि जीभ दाताखाली धरली.

ताई टेबलाकडे बघत बसल्या. बाहेर फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे गेली, पुन्हा पुढे आली. माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती. पायाचा अंगठा बुटात दाबून धरला. आता ही बाई उठून जाणार, असं वाटत असतानाच त्या बोलल्या.

"मॅडम, मी डावखुरी हाय."

मी तरीही गप्प.

"जुन्या टेबलावर वायरी दोन्हीकडं असायच्या. आता समद्या उजवीकडं. हात आडवा घालून घ्यावं लागतं, मग रंगाची गल्लत व्हती. ल्हानपणी डाव्या हातानं जेवले की आई चापट मारायची. हितं कुणी हसू नये म्हणून बोलले न्हाई."

सहा वर्षं मी त्यांच्यासमोर उभी होते आणि त्यांचा हात मला दिसला नव्हता!

मेंटेनन्सच्या पोरांनी अर्ध्या तासात वायरींचे ट्रे डावीकडे लावून दिले. आठवड्याभरात ताईंचा हात पहिल्यासारखा चालू लागला. शेजारच्या लाईनवरच्या दोघीजणी मग आपणहून सांगायला आल्या, "मॅडम, आम्ही पण डावखुऱ्या!" त्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिघी डाव्या हातात कप धरून मुद्दाम माझ्यासमोरून गेल्या.

मला मग या थांबण्याची चटकच लागली. रविवारी सकाळी नवऱ्याला सहज विचारलं, "मी माहेरी होते तेव्हा घरी सगळं ठीक ना?" आणि त्याच्याकडे बघत बसले.

तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"बरं, सांगतो," तो शेवटी म्हणाला. "तुझा गुलाब वाळला. पाणी घालायला विसरलो. पुनावळ्याच्या नर्सरीतून तसाच दुसरा आणून लावलाय."

माहेरून आल्यापासून आठ दिवस मी त्या गुलाबाला रोज पाणी घालत होते. मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.