अक्षताचे बत्तीस फोटो

अक्षता सोनुलेच्या वडिलांनी, यल्लाप्पांनी, शिरोलीच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं फेटलिंग केलं. फेटलिंग म्हणजे ओतून गार झालेल्या लोखंडावरची वाळू आणि कडा घासून काढायच्या. ग्राइंडर लागला की लांबून ठिणग्या दिसतात. धूळ दिसत नाही, ती छातीत जाते. यल्लाप्पा अठ्ठावन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ठेवायला फोटो शोधला, तर घरात धड एकही निघेना. शेवटी मतदान कार्डावरचा मोठा केला. तो अक्षतानंच केला, कारण ती शाहूपुरीत बाळासोंच्या कलर लॅबमध्ये कामाला होती. लॅबशेजारी माझं फ्रेमचं दुकान. फ्रेम न्यायला आली तेव्हा म्हणाली, "दादा, बावीस वर्षं माणूस कामावर गेला आणि कामावरचा एक फोटो न्हाय."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतंच. पण दोन महिन्यांनी तिनं कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला. फाउंड्रीच्या मालकाच्या मुलीचा लग्नाचा अल्बम आमच्याच लॅबनं केलेला. तो पोचवायला ती गेली आणि सरळ विचारून आली. मालकाला वाटलं, कंपनीच्या कॅलेंडरला फोटो होतील. हो म्हणाले.

सात वर्षं ती लॅबच्या सुट्टीच्या दिवशी तिथं जात राहिली. पहिल्यांदा माणसं लाजायची, मग सवय झाली. यल्लाप्पांच्या शेजारच्या ग्राइंडरवर हातकणंगल्याकडचा आकाराम होता. त्यानंच तिला सगळ्या शेडमधून फिरवलं. "यल्लाप्पाची पोरगी हाय," एवढंच सांगायचा. तिला म्हणायचा, "आमचं काय काढतीस गं? एखादी नवरी काढ, चार लोक बघतील तरी." तरी ती आली नाही तर पुढच्या वेळी विचारायचा, "गेल्या टायमाला कुठं गेलतीस?"

फोटो काढणं एक आणि छापणं एक, हे मला तिच्यामुळं कळलं. आमच्या लॅबचं मशिन लग्नासाठी लावलेलं. नवरी कशीही असू दे, गोरी होऊन बाहेर पडते. आकारामचा पहिला प्रिंट आला तोही पावडर फासल्यासारखा. भुवयांवरची राखाडी धूळ गायब, डोळ्याखालच्या घड्या गायब.

बाळासो म्हणाले, "अगं, बरा दिसतोय की."

"बरा दिसतोय म्हणूनच खोटा हाय," म्हणून तिनं तो फाडला.

मग चार महिने रोज लॅब उघडायच्या आधी तासभर ती येऊन बसायची. कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्यांवर एकाच चेहऱ्याचे दहा-दहा तुकडे छापायची, आणि त्या पट्ट्या माझ्या दुकानाच्या दारात उन्हाला धरून बघायची. "दादा, ह्यात धूळ काळी दिसतीय की करडी?" मला काही कळायचं नाही, पण मी सांगायचो. अखेर बत्तीस फोटो तिच्या मनासारखे उतरले. बत्तीस फ्रेमा मी बांधल्या. इतकं मन लावून मी स्वतःच्या लग्नाचा फोटोसुद्धा बांधला नव्हता.

दसरा चौकाजवळच्या एका लहान दालनात तीन दिवस प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला आलेले प्राध्यापक म्हणाले, "धूळ किती सुंदर आलीय!" अक्षता नुसती मान हलवत राहिली. लोक येत होते, आकारामच्या फोटोपुढं उभं राहून स्वतःचे फोटो काढत होते. तोच सगळ्यांत मोठा होता. आकाराम ग्राइंडर बंद करून समोर बघतोय, मास्क गळ्यात ओढलेला, नाकाभोवतीची तेवढीच चामडी माणसाच्या रंगाची.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन. स्वतःच्या फोटोपुढं जाऊन उभा राहिला.

"एवढा म्हातारा दिसतोय व्हय मी?"

त्याची बायको शालन म्हणाली, "रोज अंधारात जाता, अंधारात येता. मी तरी कवा बघितलंय धड?" आणि तिनं पदरानं काच पुसली. पुसून परत बघितलं. धूळ काचेवर नव्हती.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो फोटो मोबाइलवर काढून पुढं पाठवला. खाली लिहिलं, 'शिरोलीचे कामगार काय खातात बघा.' दुपारपर्यंत तो अख्ख्या कोल्हापुरात फिरला. आम्हाला आनंदच झाला होता, हे कबूल करतो. मी बाळासोंना पेढे आणायला पाठवलं.

त्याच आठवड्यात आकारामला आणि प्रदर्शनातल्या फोटोंतल्या आणखी दोघांना गेटवर अडवलं. कारण सांगितलं, मास्क न घालता काम केलं, नियम मोडला.

अक्षता मालकाला भेटायला गेली. मालकांनी चहा मागवला.

"ताई, मी कुठं काय म्हणतोय? तुमच्या फोटोनंच दाखवलंय की मास्क दिलेला होता. गळ्यात आम्ही अडकवायला सांगितला?"

"महिन्याला एकच देताय. दोन दिवसांत चोंदतोय तो. श्वास घेता येईना म्हणून खाली ओढला."

"ते फोटोत कुठं दिसतंय?"

दुकानात येऊन तिनं ते वाक्य मला तीनदा सांगितलं. नंतर एका वकिलाकडे आम्ही दोघं गेलो. आकाराम ठेकेदाराच्या हाताखाली होता, आणि ठेकेदाराच्या हजेरीत त्याचं नाव फेटलिंगला नव्हतंच, झाडलोटीला होतं. म्हणजे ग्राइंडर चालवल्याचा पुरावा एकच, अक्षताचा फोटो. आणि आकारामनं नियम मोडला याचा पुरावा म्हणून कंपनीनं लावलेलाही तोच. वकील हसले नाहीत, पण कागद परत आमच्याकडं सरकवले.

बाकीच्या दोघांना दुसऱ्या फाउंड्रीत काम मिळालं. आकारामही गेलता, पण तिथं आधी छातीचा फोटो काढतात. एक्स-रे बघून त्याला परत पाठवलं. मला म्हणाला, "एका फोटूनं हातातलं काम घालवलं, दुसऱ्या फोटूनं मिळणारं." बोलताना मधे दोनदा थांबला. अक्षता तिथंच होती. तिच्याकडं बघून तो घाईनं म्हणाला, "तुला न्हाय गं म्हणत."

पुढच्या वर्षी पुण्याहून पत्र आलं. एका मोठ्या फोटो महोत्सवात हे बत्तीस फोटो मांडायचे होते, आणि पोस्टरवर आकाराम हवा होता. आता न विचारता काही करायचं नाही, म्हणून माझ्या गाडीवरून आम्ही त्याच्या गावी गेलो. तो दारात खाटेवर उशीला टेकून बसला होता. झोपलं की दम लागायचा.

"लाव की," तो म्हणाला. "पुण्यात मला कोण वळखतंय?"

आतून शालन आली. "न्हाय लावायचा."

"अगं, तिचं नाव हुईल..."

"हुईल. आणि तुमचं?" ती अक्षताकडं वळली. आवाज चढलेला नव्हता. "माणूस घरात मरायला लागलाय, आणि लोकांनी तिकीट काढून बघायचं व्हय? न्हाय लावायचा, बाई."

"बरं काकी," अक्षता म्हणाली.

तो फोटो वगळून बाकीचे घ्या, असं तिनं पुण्याला कळवलं. त्याच्याशिवाय मालिका कमकुवत वाटते, असं उत्तर आलं. पुढं पत्रव्यवहार झाला नाही. श्रावणात आकाराम गेला. आम्ही अंत्यविधीला गेलो, मागं उभे राहिलो. शालननं आमच्याकडं बघितलं नाही. राग होता असंही नाही. तिला दिसलोच नसू.

त्यानंतर एकदा अक्षता पाळी सुटायच्या वेळी फाउंड्रीच्या गेटबाहेर उभी राहिली होती. हातात कॅमेरा नव्हता. नुसतं बोलायचं होतं, असं तिनं मला सांगितलं. माणसं बाहेर आली. एकानं तिला बघून दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मग सगळे रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालत गेले. त्यातले चौघे तिनं सात वर्षं काढलेल्या फोटोंतले होते. एकाच्या पोराच्या बारशाचे फोटो तिनं फुकट छापून दिले होते. त्यानंही मान वर केली नाही.

"भ्यालेत, दादा," ती म्हणाली. "मला भ्यालेत."

गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठलो.