गच्चीवरचा अँटेना आणि माझ्या फाइली

त्या वर्षांत टावर चौकाच्या आसपास दर दोन-चार महिन्यांनी एक नवा कॉम्प्युटर क्लास उघडायचा. अशाच एका क्लासमध्ये, कापडाच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, मी शिकवत होते. वडील रेल्वेच्या नोकरीत साताऱ्याहून इकडे आलेले, मी मात्र जन्मानं उज्जैनची. वर्गात हिंदी, घरात मराठी, आणि घरच्या मराठीतही निम्मी हिंदी. मला माझं काम येतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हा कसलीच शंका नव्हती. वय चोवीस होतं, त्या वयात ती नसतेच.

एके दिवशी क्लासच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं की पुण्याहून एक सर्वे कंपनी आली आहे. शहराबाहेरचे रस्ते आणि नदीकाठ यांचे नकाशे करायचं काम त्यांना मिळालं आहे. त्यांना कॉम्प्युटर सांभाळणारं माणूस पाहिजे, महिना-दीड महिन्यासाठी. मी विचारलं, करायचं काय असतं? मालक म्हणाले, मलाही नीट कळलेलं नाही, उपग्रहाचं काहीतरी आहे. मी हो म्हटलं.

कंपनीनं फ्रीगंजमध्ये एका तीन मजली इमारतीची गच्ची आणि तिथली एक खोली भाड्यानं घेतली होती. गच्चीवर स्लॅबमध्ये पितळेची एक खूण ठोकलेली, बरोबर तिच्यावर तिपाई उभी, आणि तिपाईवर थाळीसारखा पांढरा अँटेना. तिपाईचे पाय हलू नयेत म्हणून सिमेंटच्या गोळ्यांत बसवलेले. अँटेनाची तार खाली खोलीत येऊन एका रिसीव्हरला, आणि रिसीव्हर कॉम्प्युटरला जोडलेला. हे सगळं जोडणारा इंजिनिअर मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाच्या कामावर निघून गेला. मागे राहिले सर्वेअर साहेब.

साहेब साठीच्या पुढचे. सरकारी सर्वेतून निवृत्त होऊन या कंपनीत आलेले. उभं आयुष्य दुर्बिणीतून बघत आणि मोजणीच्या साखळ्या ओढत गेलेलं, त्यामुळे कॉम्प्युटरशी त्यांचं बोलणं नव्हतं. सुरुवातीला माझ्याशीही फारसं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, मी छतावर जाऊन बघून राहिली होती, तार थोडी ढीली आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "गच्चीवर. आणि सैल." तार मात्र त्यांनी लगेच घट्ट केली.

काम काय आहे ते त्यांनीच मला समजावलं, आणि फार छान समजावलं. एक रिसीव्हर गच्चीवर, जागा पक्की माहीत असलेल्या खुणेवर. दुसरा ते जीपमधून घेऊन जाणार आणि जिथली जागा काढायची तिथे तासभर मांडून बसणार. दोघंही त्याच वेळी तेच उपग्रह ऐकतात. दोघांनी काय ऐकलं ते शेजारी शेजारी ठेवलं, की दुसऱ्याची जागा बोटाच्या पेराइतकी बरोबर काढता येते. अट एकच. ते बाहेर बसलेले असताना गच्चीवरच्यानं ऐकलेलं सगळं कॉम्प्युटरवर लिहिलं गेलं पाहिजे. ते लिहिलं नाही, तर त्यांचं उन्हात बसणं फुकट.

लिहायचं म्हणजे फाइलमध्ये. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाईल, तिचं नाव काय असेल, किती सेकंदांनी एक नोंद होईल, एक फाइल कधी बंद होऊन दुसरी कधी उघडेल, हे सगळं त्या प्रोग्रामला आधी सांगून ठेवायचं. तेवढंच माझं काम. दोन तासांत मी सगळे रकाने भरले. नोंद दर पंधरा सेकंदांनी, फाइल दिवसाला एक. अँटेनाची खुणेपासूनची उंची साहेबांनी गच्चीवरून टेपनं मोजून जिन्यातून ओरडून सांगितली, ती पण टाकली. पडद्यावर एकेक उपग्रहाचा आकडा हलायला लागला आणि मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब भैरवगढकडे गेले. रंगवलेलं कापड वाळत घातलेल्या नदीकाठच्या मोकळ्या जागांपासून पुढे त्यांना पाच ठिकाणं घ्यायची होती. दुपारी तीन वाजता आमच्याकडची लाइट गेली. यूपीएस वीस मिनिटं कुंथला आणि बंद पडला. लाइट येऊन कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मी फोल्डर उघडलं. फाइल होती, तिचं नावही बरोबर होतं, पण आत काहीच नव्हतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तो प्रोग्राम दिवसभर सगळं पोटात ठेवायचा आणि फाइल बंद करताना एकदम ओकायचा. बंद करायच्या आधीच वीज गेली, आणि सकाळपासूनचं सगळं तिच्याबरोबर गेलं.

संध्याकाळी साहेब आले. मान उन्हानं लाल झालेली. मी काय झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की उद्या परत तीच पाच ठिकाणं. मग बराच वेळ हात-पाय धूत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी ते जाड पुस्तक घरी नेलं. आईनं विचारलं, परीक्षा आहे का? मी म्हटलं, हो. सकाळी साहेबांच्या आधी मी गच्चीवरच्या खोलीत पोचले आणि रकाने बदलले. दिवसाच्या एका फाइलऐवजी दर तासाला एक, म्हणजे वीज गेली तरी फार तर तासाचं नुकसान. आणखी एक रकाना कोपऱ्यात लपलेला सापडला, दर मिनिटाला डिस्कवर लिहून टाकायचा. तोही चालू केला. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, कारण त्याचं बटण दाबलेलंच राहायचं. त्याच्याबरोबर हा प्रोग्रामही माणसाशिवाय सुरू व्हावा, अशी सोय केली. मग साहेबांसमोर मुद्दाम मेन स्विच पाडला, यूपीएसची तारही उपटली, पाच मिनिटांनी सगळं परत जोडलं. प्रोग्राम उठला आणि पुढचं लिहायला लागला. आधीची फाइल जिथे तुटली तिथपर्यंत शाबूत होती. साहेबांनी मान हलवली, आणि वीजकपातीचं वेळापत्रक कुठे मिळेल ते विचारलं. त्या दिवसापासून ते कपातीच्या वेळा टाळून बाहेर निघायला लागले.

पुढचा घोटाळा वेळेचा होता. ऊन टाळायला साहेब पहाटे निघून सहा वाजता पहिलं ठिकाण घ्यायचे. एकदा ते म्हणाले, सहा ते सातची फाइल दिसत नाही. मी दाखवलं की फाइल बरोबर अर्ध्या तासावर तुटते, साडेपाच ते साडेसहा एक, साडेसहा ते साडेसात दुसरी. त्यांचा तास दोन फाइलींत वाटला गेला होता. उपग्रहांचं घड्याळ आपल्या घड्याळानं चालत नाही, ते साधारण लंडनच्या वेळेनं चालतं आणि आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. त्यांचा दिवसच आपल्या पहाटे साडेपाचला उजाडतो. मी कागदावर चोवीस ओळी आखून, कुठल्या वेळेला फाइलच्या नावात कुठलं अक्षर येतं, ते लिहून भिंतीवर चिकटवलं. साहेब त्या कागदापुढे चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं. तेव्हापासून ते मला 'बाई' म्हणायला लागले. पुण्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात, त्या अर्थानं.

दहा-बारा दिवस सुरळीत गेले. मग उंचीचा घोटाळा निघाला.

नदीपलीकडे एक जुना दगड होता, सरकारी सर्वेचा, त्याची उंची कागदोपत्री पक्की. काम तपासायला त्यांनी तो घेतला. हिशेब आमच्याच खोलीत कॉम्प्युटरवर व्हायचा. नकाशावरची आडवी जागा सुरेख जुळली, उंची मात्र सत्तावीस सेंटिमीटरनं खाली आली. दुसऱ्या दिवशी ते परत गेले, तेवढीच खाली. तिसऱ्यांदा गेले, परत तेवढीच. मला वाटलं दगडच खचला असेल. साहेब म्हणाले, दगड तसा नाही.

त्या दुपारी ते खिडकीशी बसून टेप डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून, मग परत जवळ आणून बघत होते. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "बाई, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलंय. दगडावर मांडलेल्या तिपाईची उंची मी टेपवर चुकीची वाचत असणार. उद्या ऑफिसला फोन करून दुसरा माणूस मागवतो."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. पण दयेच्या आधी माझ्या मनात एक हिशेब उभा राहिला. माणूस टेप चुकीची वाचतो तेव्हा तो रोज वेगळं चुकतो. आज दोन सेंटिमीटर, उद्या पाच. तीन दिवस, तिपाई तीन वेळा नव्यानं मांडून, प्रत्येक वेळी बरोबर सत्तावीस? अशी चूक हाताची नसते. ती एकदाच कुठेतरी लिहून ठेवलेली असते आणि मशीन ती इमानानं परत परत वापरत असतं. आणि लिहून ठेवलेलं सगळं मी लिहिलं होतं.

मी प्रोग्राम उघडला. अँटेनाच्या उंचीच्या रकान्यात होतं, एक पूर्णांक दोनशे छप्पन्न मीटर. टेप घेऊन गच्चीवर गेले, खुणेपासून अँटेनापर्यंत मोजलं. एक पूर्णांक पाचशे सव्वीस. परत मोजलं. तेवढंच.

फरक बरोबर सत्तावीस सेंटिमीटर: कॉम्प्युटरच्या लेखी गच्चीवरचा अँटेना तेवढा खाली होता, म्हणून त्यावरून काढलेली प्रत्येक उंची तेवढीच खाली येत होती. हा आकडा मी कसा उलटापालटा केला ते मला तिथेच कळलं. दोनशे छप्पन्न हा कॉम्प्युटरवाल्यांच्या बोटात बसलेला आकडा आहे. मेमरी शिकवताना दिवसातून दहा वेळा मी तो फळ्यावर लिहायची. जिन्यातून साहेबांनी बरोबर सांगितलं, मी बरोबर ऐकलं, आणि बोटांनी आपल्या ओळखीचं टाइप केलं. पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ती चूक बसलेली होती.

जिना उतरताना मला एक गोष्ट सुचली, ती मी लपवणार नाही. गुपचूप आकडा बदलला असता तर उद्याची उंची जुळली असती. साहेबांनी म्हटलं असतं, आज नीट वाचलं. कुणालाही कळलं नसतं. पण मग ते घरी गेले असते ते आपल्या डोळ्यांवरचा विश्वास घालवून.

मी खोलीत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "सर, तुमचं मोजणं बरोबर आहे. तिन्ही दिवस बरोबर होतं. चूक माझी आहे, पहिल्या दिवसापासूनची."

ते उठून आले, रकान्यातला आकडा पाहिला, आपली वही काढून त्यातला पहिल्या दिवसाचा आकडा पाहिला. मग खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, म्हणजे आजवरचं सगळं काम गेलं? त्यांचा हा प्रश्न ऐकून मला हायसं वाटलं, कारण याचं उत्तर मला येत होतं. म्हटलं, काहीच गेलं नाही. उपग्रहांकडून जे ऐकलं ते खालच्या ओळींत जसंच्या तसं आहे, त्याला या आकड्याशी घेणं नाही. चूक फक्त वरच्या एका ओळीत आहे. ती प्रत्येक फाइलमध्ये बदलायची.

फाइली तीनशेच्या वर होत्या. साहेबांची अट अशी की मूळ फाइलींना हात लागता कामा नये. मी त्या सगळ्या आधी वेगळ्या फोल्डरमध्ये आणि फ्लॉपींवर ठेवल्या. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो प्रत्येक प्रतीतली तेवढीच ओळ शोधून बदलेल. लिहायला संध्याकाळ गेली, चालायला काही मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कागदावर दहा फाइलींची नावं मनानं लिहिली आणि त्या एकेक उघडून दाखवायला लावल्या. दहाही बरोबर निघाल्या. मग दगडाचा हिशेब परत केला. फरक आला एक सेंटिमीटरचा.

साहेबांनी पुण्याला फोन लावला, माझ्यासमोर. काय घडलं ते क्रमानं सांगितलं, काहीही गाळलं नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेब म्हणाले, "ऑपरेटर बदलायची गरज नाही. चूक तिनं केली, शोधलीही तिनंच, आणि मला येऊन सांगितली. असं माणूस मी तरी बदलणार नाही."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले की यापुढे कुठलाही आकडा दोघांनी वाचायचा, एकानं टाकायचा आणि दुसऱ्यानं पडद्यावरून मोठ्यानं म्हणायचा. आम्ही काम संपेपर्यंत तसंच केलं. त्यांच्या म्हणण्यानुसार सर्वेत ही रीत पन्नास वर्षं जुनी होती, फक्त माझ्याशी ती पाळायची राहिली होती.

काम ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा संपलं. साहेबांनी पुण्याला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि पुढच्या हिवाळ्यात कंपनीनं मला देवास आणि रतलामच्या कामांसाठी परत बोलावलं, या वेळी एकटीला. वडील थोडे कुरकुरले, आईनं डबा भरला. रतलामला असताना साहेबांचा फोन आला. नांदेडकडे त्यांच्या कामावर नवा इंजिनिअर आला होता आणि तो दिवसाला एकच फाइल करा म्हणून अडून बसला होता. साहेबांनी त्याला माझ्याशी बोलायला लावलं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे लाइट जाते का? तो म्हणाला, जाते. मग मी त्याला कुठला रकाना कोपऱ्यात लपलेला आहे ते सांगायला सुरुवात केली.