काच स्वच्छ झाली की जा

सून म्हणून मी आणि सासऱ्यांची माशांची पेटी, दोघी एकाच महिन्यात घरात आलो. त्यातली पेटी त्यांना जास्त आवडली. सुना काय, घरोघरी येतात. समुद्रातले जिवंत मासे दिवाणखान्यात पाळणारा माणूस त्या वेळी आमच्या तेर रूज गावात दुसरा नव्हता.

आमच्या बेटाला स्वातंत्र्य यायच्या आधीची गोष्ट. मामंजी पोर्ट लुईला सरकारी कचेरीत होते. त्यांच्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यात तसली पेटी होती. ती बघून आले आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. लोखंडी चौकट झाली, जाड काचा लांबी भरून बसवल्या, बुडबुडे सोडणारं यंत्र आलं. तोंबोच्या किनाऱ्यावरून पिंपं भरून समुद्राचं पाणी आणलं. प्रवाळाचे दगड, गोगलगाई, शंखात राहणारे खेकडे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, शिवाय एक समुद्रफूल आणि त्याच्या पाकळ्यांत दडून बसणारा काळा-नारिंगी मासा. पेटी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. मत्स्यावतार म्हणजे देवच, त्याचं तोंड पूर्वेला हवं, असं सासूबाईंचं म्हणणं.

थोड्याच दिवसांत काचेवर तपकिरी साय धरली. मग ती हिरवी झाली. मग दगडांवर केसांसारखं शेवाळ लोंबायला लागलं. नव्या पाण्याला हे होतंच आणि धीर धरला तर आपसूक कमीही होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सासूबाईंना तेवढी वाट बघायची गरजच नव्हती. त्यांना कारण सापडलं होतं. कारण मी!

लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेक नव्हती, म्हणून सासूबाई माझ्या माहेरच्या गावाचं नाव घेऊन मांजराशी बोलत. "बघितलंस गो? कांप दे मास्कची लक्ष्मी आली नि पाणी हिरवं केलंन. काय तो पायगुण!" मांजर बिचारं मिशा पुसत बसायचं.

एकदा शेजारणीसमोर मला सरळच विचारलं, "बाहेरची असताना हात घातलास ना गो पाण्यात? खरं सांग." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारणीने मान खाली घातली, पण कान काही खाली घातले नाहीत.

मग शिक्षा म्हणून काच घासायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी उठून नारळाचा काथ्या आणि ब्लेडचा तुकडा घ्यायचा आणि खांद्यापर्यंत हात बुडवून खरवडत बसायचं. बोटं चिरायची, त्यात खारं पाणी जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. मी नवऱ्याला बोटं दाखवली. तो म्हणाला, "आईला उलट बोलू नकोस." अरे, मी बोटं दाखवतेय आणि हा आईचं काय सांगतोय!

आणि शेवाळाला खायला कोण घालत होतं, तर सासूबाईच. देवपूजा झाली की नैवेद्याची वाटी घेऊन पेटीपाशी यायच्या, हात जोडायच्या आणि साजूक तुपातला शिरा चिमूट चिमूट पाण्यात सोडायच्या. सणाला खीर. मासे त्याला तोंड लावत नसत. शिरा दगडांच्या फटीत जाऊन बसे आणि कुजे. मी एकदाच म्हटलं, "सासूबाई, ते खाली साठतंय, त्यानेच पाणी बिघडत असेल." बस्! "देवाचा नैवेद्य घाण करतो म्हणतेस? कुणी शिकवलंन हे तुला, आईने?" त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं म्हणजे काय, ते मी त्या पेटीपाशी शिकले.

अशात माझा भाऊ आला. बस बदलत बदलत आलेला, शर्टाला पाठीवर घाम. आये अंथरुणाला खिळली होती. पोटात काही राहत नव्हतं. "तिला तुला बघायचंय," तो मामंजींना ऐकू जाईल असं म्हणाला. मामंजी पेटीपुढे खुर्ची टाकून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "साहेब आणि मडमबाई पेटी बघायला यायचे आहेत. काच स्वच्छ झाली की जा. मी नको म्हणतोय का?" भावाने चहा घेतला आणि परत गेला. माणूस मरायला टेकलंय नि हे काच बघतायत! माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण मी कप विसळले.

साहेबाचं येणं पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. मी घासत होते, शेवाळ वाढत होतं, आणि कांप दे मास्कहून भाजीच्या गाडीबरोबर निरोप येत होते. आज ताक घेतलं. आज काहीच घेतलं नाही.

माझ्या माहेरी गाईच्या पाण्याच्या डोणीत तांब्याचा एक ठोकळा टाकलेला असे. त्याने डोणीत शेवाळ धरत नाही. आमचे पूर्वज कोकणातून ऊस तोडायला आले तेव्हा बरोबर काय आणलं असेल नसेल, ही अक्कल आणली होती. गाई ते पाणी पिऊन धष्टपुष्ट होत्या. मी विचार केला, गाईला चालतं ते माशाला का नाही चालणार? मागच्या खोपटात एक चेपलेला तांब्याचा तांब्या पडला होता. तो चिंचेने लख्ख घासला आणि दुपारी सासूबाई कलंडल्या असताना मोठ्या दगडामागे बुडवून ठेवला.

आणि काय सांगू! शेवाळ पिवळं पडलं, मग राखाडी झालं, मग बोट लावलं की सुटायला लागलं. मी काच पुसली ती पुन्हा हिरवी झालीच नाही. मामंजींनी चष्मा लावून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाने ऐकलंन." त्यांनी त्या दिवशी जास्तीचा शिरा सोडला.

पण गोगलगाई काचेवरून गळून खाली पडायला लागल्या. खेकडे शंखातून अर्धे बाहेर येऊन तसेच राहिले. पट्ट्यापट्ट्यांचे मासे एकेक करून उलटे तरंगले; मामंजींना मात्र स्वच्छ काच तेवढी दिसत होती. समुद्रफूल आक्रसून भिजल्या बोळ्यासारखं झालं आणि तो काळा-नारिंगी मासा, ज्याचं ते घर, तो त्याच्याभोवती घिरट्या घालायचा, पुन्हा पुन्हा शिरायला बघायचा. मी बघत होते. हे तांब्याचं विष, हे मला कळायला लागलं होतं. तांब्या काढला असता तर शेवाळ परत आलं असतं. मी काढला नाही. माशांचं मला वाईट वाटलं. माणसांचं तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

शेवटी साहेब आला. सासूबाई नवी साडी नेसल्या होत्या. मडम पेटीपाशी गेली आणि टाळी वाजवून म्हणाली, किती स्वच्छ पाणी! मामंजी "येस मॅडम, येस मॅडम" करत वाकत होते. साहेब मात्र गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिला. मग हसला. त्याने बायकोला सांगितलं, एवढं सुंदर स्मशान मी कधी पाहिलं नव्हतं. मामंजींना इंग्रजी कळत होतं. ते तरीही "येस सर" म्हणाले. तो एकटा उरलेला काळा-नारिंगी मासा बुडबुड्यांपाशी आडवा होऊन कल्ले मारत होता आणि ती दोघं पुढे ठेवलेला केक न खाता निघून गेली.

गाडी वळल्यावर मामंजींनी बाह्या सारून हात घातला आणि दगडामागून तांब्या वर काढला.  मग सासूबाईंनी माझ्या थोबाडीत मारली. "वैरीण! मुद्दाम केलंन हिने, मुद्दाम!" नवरा दारात उभा होता, तो दारातच उभा राहिला. मामंजी तो तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "माझं नाक कापलंस तू."

मी म्हटलं, "मामंजी, काच स्वच्छ आहे. मी निघते."

पिशवी केव्हाची भरून ठेवलेली होती. बस मिळत गेल्या. दोन्ही बाजूंना ऊस, आणि माझा गाल जळत होता, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. मी जिंकले होते. दिवेलागणीला घरी पोचले.

आयेचं अंग म्हणजे हाडांवर टाकलेलं लुगडं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, तोच दुखरा गाल नेमका कुरवाळला. मग माझ्या पाठीमागे बघितलं.

"जावई कुठे हायत, बाय?"

"मी एकटीच आले."

"सांगून आलीस?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, ती आता त्यांना शिव्या देईल. तिने माझा हात बाजूला सारला. मग म्हणाली, "सकाळच्या बसने माघारी जा."

"नाही जाणार."

"मग माझ्या पाण्याला हात लावू नको."

मला खरं वाटलं नाही. तिचे ओठ सुकून फाटले होते. मी वाटीत पाणी घेऊन तोंडाशी धरलं. तिने दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून मानेत गेलं. थोड्या वेळाने वहिनीने तीच वाटी धरली, तर तिच्या हातचं घटाघटा प्यायली.

मी ओरडले. "तुझ्यासाठी आले ना गो मी! तुझ्यासाठी मार खाल्ला!"

"माझ्यासाठी आलीस तर माझ्यासाठी जा," ती म्हणाली. "लेक नांदायची सोडून आली असं ऐकत मरू काय मी?"

सकाळी भाऊ म्हणाला, राहा तू, मी समजावतो तिला. पण तोपर्यंत तिने माझ्या हातचं काही घेतलं नव्हतं. पेज नाही, पाणी नाही. डोळे मिटून पडली होती, आणि मी जवळ गेले की ओठ आवळायची. शेवटी मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "जाते आये."

तेव्हा तिने तोंड उघडलं. मी पाणी पाजलं. दोन घोट घेतले तिने, आणि मला जा अशी खूण केली.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सासरी होते, तिने पाठवलं होतं तिथे.