ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या हस्ते

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या, दत्ताराम परबच्या, शोकसंदेशाचा मसुदा माझ्या टेबलावर तयार होता. डॉक्टरांनी दोन दिवस आधीच कल्पना दिली होती, आणि परळच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात विश्वस्तांच्या सह्या गोळा करायला वेळ लागतो. मी तिथला प्रशासन अधिकारी. दत्ता तिथले संगणक सांभाळायचा. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला.

त्याची सगळी विद्या साध्या मजकुराच्या फायलींत होती. कुठलं यंत्र कुणाशी बोलेल, कधी बंद होईल, हे तो स्वतः टाइप करायचा आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर मराठीत कारण लिहायचा. 'तिसऱ्या मजल्याचा प्रिंटर सातला बंद करू नये. सिस्टर साडेसातला औषधांची यादी काढतात.' यंत्र असली टीप वाचत नाही. "यंत्रासाठी नाहीच ती," तो म्हणायचा. "माझ्या मागून येणाऱ्या गाढवासाठी आहे."

मग विश्वस्तांना कुठल्याशा प्रदर्शनात एक रंगीत प्रणाली आवडली. हिरवे ठिपके, मोठी बटणं, टाइप करणं नाही. "परब, नोटपॅडवर हॉस्पिटल चालवता काय हो?" असं अध्यक्षांनी सगळ्यांदेखत विचारलं. दत्ता नंतर मला म्हणाला, "पहिल्यांदा बटण दाबलं की ती माझ्या फायली आपल्या पद्धतीने नव्याने लिहिणार. कारणं सगळी उडतील. मला आता तिथे शिरायची परवानगी नाही, तू आधी नक्कल काढून ठेव." मी हो म्हटलं.

उद्घाटनाला समई आली, नारळ आला, पडद्याला झेंडूचा हार घातला. बटण ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या हस्ते दाबावं, ही सूचना माझी. म्हणजे मागाहून तो कुरकुर करणार नाही. बटणावर बोट ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "काढलीस ना नक्कल?" मी मान हलवली... ते काम प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला सांगायचं ठरवलं होतं आणि सांगायचं राहून गेलं होतं. टाळ्या वाजल्या. फोटोत दत्ता हसतोय.

"माझ्याच बोटाने पुसून घेतलंस रे," एवढंच तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. मग डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

वर्षभरात त्याची मूत्रपिंडं गेली. तो आमच्याच दुसऱ्या मजल्यावर दाखल झाला. त्याच आठवड्यात प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डांत पोचायचे थांबले. ठिपके मात्र हिरवेच होते. कंपनीने तक्रारीला क्रमांक दिला. मी लॅपटॉप घेऊन दत्ताच्या खाटेशी गेलो. त्याने डोळे मिटून चाळीसेक ओळी तोंडपाठ सांगितल्या, मी टाइप केल्या. एका ओळीशी तो थांबला. "हिच्या वर लिही, का ते..."

"नंतर लिहू रे. पुढची सांग."

त्याने सांगितली. रिपोर्ट सुरू झाले. कंपनीच्या अभिनंदनाचं पत्रही मीच टाइप केलं. चौथ्या दिवशी दत्ता गेला.

गेल्या महिन्यात त्याच्या जागी आलेल्या बाईंनी विचारलं, "सर, ही ओळ कशासाठी आहे? प्रणाली निरुपयोगी म्हणतेय. काढू?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि दत्ता जिच्याशी थांबला होता त्या ओळीच्या डोक्यावर स्वतः टाइप केलं : 'काढू नये. कारण तो सांगत होता.'

रोज संध्याकाळपर्यंत कुणीतरी पडद्यावरचं बटण दाबतं आणि टीप उडते. मी सकाळी ती परत लिहितो.