लोखंडाचे पैंजण

बी.एस्सी. झालेल्या माणसानं चांदी ओळखण्याच्या भानगडीत पडू नये, हे मी पूर्ण अनुभवांती सांगतो.

तेव्हा मी तुळजापुरात विज्ञान शिकवायचो. बायकोनं नळदुर्गहून, माहेरून, जुन्या नाण्यांची एक पिशवी आणली होती. त्यातल्या चांदीचे तिला पैंजण करायचे होते. (माझ्या पगारात ते झाले असते तर तिच्या नातीच्या पायात वाजले असते!) सुटीतल्या एका मंगळवारी सकाळी मी नाण्यांचं शास्त्रीय वर्गीकरण मांडलं. तांबडी ती तांब्याची, चकाकणारी ती चांदीची आणि काळीकुट्ट ती लोखंडाची.

"अहो, ते काळे निजामाचे रुपये आहेत. आई चांदीचे म्हणायची."

"तुझी आई बी.एस्सी. आहे का?" (मी सोलापूरचा. निजामाचा रुपया जन्मात पाहिला नव्हता!)

"लोहचुंबक तरी लावून बघा."

"ते हेडमास्तरांच्या घरी कुलपात असतं. आणि मला डोळे आहेत की!"

इतक्यात दारात आरोळी आली, "आई राजा उदो उदो!" भागाई आराधीण जोगवा मागायला आली होती. मी ते सगळं लोखंड उदार मनानं तिच्या परडीत ओतलं. भागाई बघतच राहिली. मला वाटलं, माझी भक्ती बघून!

दुपारी सोनारानं माझी चकाकती चांदी हातात घेतली आणि खाली ठेवली.

"मास्तर, हे समदं गिलट हाय. चांदी काळी पडती. काळी नाणी कुठं हायती?"

शेजारी उभ्या बायकोचे डोळे भरून आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत भागाईचं घर गाठलं.

"परडीत पडलं ते आईचं," भागाई म्हणाली. "मागं देता येत न्हाय. पर तुमी जोगवा मागितला तर म्या घालीन. पाच घरं मागा, माजं शेवटचं."

मग काय! पँट-शर्ट, कपाळभर कुंकू, हातात भागाईचीच परडी! पहिल्याच दारात माझी विद्यार्थिनी. "आई गं, विज्ञानाचे सर जोगवा मागायलेत!" दुसऱ्या घरानं मुकाट्यानं पीठ घातलं. तिसऱ्या घरच्या आजोबांनी विचारलं, "औंदा पगार झाला न्हाय व्हय?"

चौथं घर हेडमास्तरांचं. त्यांनी सगळी हकिकत गंभीरपणे ऐकली, आत गेले, मूठभर ज्वारी घातली आणि तिच्यावर लोहचुंबक ठेवलं.

"सोमवारी परत आणा," ते म्हणाले.

भागाईनं रुपये खणखणत परडीत ओतले. चुंबकाला एकही चिकटला नाही.

पैंजण झाले. आता घरात मी "शास्त्रीयदृष्ट्या पाहता" एवढं म्हणायचा अवकाश, बायको वाद घालत नाही. नुसता पाय आपटते!