मोजणीदार साडूंची मासेमारी

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या साडूंइतकी मासेमारीची तयारी कोणी केलेली नाही, आणि इतके कमी मासेही कोणाच्या हाती लागलेले नाहीत. पहिल्या सोळा वर्षांत शून्य. हे मी कुचेष्टेने सांगत नाही; त्यातल्या अकरा मोहिमांना मी स्वतः हजर होतो.

साडू पारनेरला मोजणी खात्यात होते. जन्म लोकांच्या बांधांवर साखळी ओढण्यात गेल्यामुळे मोजल्याशिवाय त्यांना काही खरंच वाटत नसे. गळाला लावायचे कणकेचे गोळेसुद्धा ते सोनाराच्या काट्यावर तोलून घेत. पण मासेमारी ही त्यांची हौस नव्हती, वचन होतं. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आमची अक्का, कोपरगावची. गोदावरीच्या ताज्या माशांवर वाढलेली. लग्न होऊन पारनेरच्या कोरड्या माळावर आली आणि पहिल्याच आठवड्यात ताटातले सुके बोंबील बाजूला सारून तिने डोळे पुसले. तेव्हा नवरदेव बोलून गेले, "माज्या हातानं धरून ताजा मासा खाऊ घालीन." बोलले ते बोलले. तेव्हापासून दरवर्षी दसरा झाला की मोहीम निघे, आणि मी त्या घरचा जावई झाल्यापासून मला निरोप येई: पंचांग घेऊन या.

पंचांग अशासाठी की सोमवार साडूंचा, गुरुवार माझा, शनिवार अक्काचा, वर चतुर्थी आणि एकादशी. दिवाळीपर्यंत सगळ्यांना मासा चालेल असे दिवस मोजकेच उरत. "धरू सोमवारी, खाऊ मंगळवारी," असं मी एकदा सुचवलं. बांधाचा दगड सरकवणाऱ्याकडे बघावं तसं साडूंनी माझ्याकडे बघितलं. "पाहुणं, ताजा म्हन्लोय मी. शिळा न्हाई." मोहिमेच्या दिवशी अक्का खोबरं भाजून मसाला वाटून ठेवी, आणि संध्याकाळी आम्ही हात हलवत आलो की त्यात वांगी सोडी. "खावा दाजी," मला म्हणे, "वांग्यात काटा तरी न्हाई."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका वर्षी साडूंनी निष्कर्ष काढला की दोष जागेचा आहे. मे महिन्यात चार दिवस रजा टाकून ते मुळा धरणाच्या फुगवट्यावर गेले, साखळी टाकून काठ मोजला, एक नामी जागा शोधली आणि तिथे चुना फासलेला दगड रोवून आले. ऑक्टोबरात मला नकाशा दाखवला. उत्तर दिशेच्या बाणासकट. एका बुधवारी आम्ही फाट्यावर बसमधून उतरलो आणि नकाशाबरहुकूम चालू लागलो. साडू मोठ्याने पावलं मोजत होते. घोट्याला पाणी लागलं तेव्हा ते थांबले आणि समोर बोट केलं. "जागा तिथं हाय."

तिथे, बऱ्याच आत, एका बाभळीचा शेंडा तेवढा पाण्याबाहेर होता.

काठावर जाळं वाळवणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याने विचारलं, "कवा मोजलं व्हतं, रावसाहेब?"

"मे म्हयन्यात."

"मंग मोजनी बराबर हाय. पानी चुकलं."

म्हाताऱ्याला दया आली असावी. त्याने टोपलीतला चांगला हातभर रोहू पुढे केला. "न्या घरला. कोन इचारतंय?" साडूंनी तो रोहू डोळ्यांनीच मोजला. मग म्हणाले, "न्हाई. माज्या हातचा न्हाई त्यो." आणि उभे होते तिथेच, काहीही न मोजता, एका खडकावर बसून त्यांनी गळ टाकला.

दिवस कलला तेव्हा दोरी हलली. तळहातात मावेल एवढी चिलापी होती. मी मोजायला टेप पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

अक्का हसली नाही. तिने तो एवढासा मासा सगळ्या मसाल्यात शिजवला. साडूंनी तो अख्खा तिच्याच ताटात वाढला आणि स्वतः भाकरी कुस्करत समोर बसून राहिले. ती सावकाश खात होती, काटे काढून ताटाच्या कडेला ठेवत होती.

"कसा हाय?"

"काटं लई हायेत," ती म्हणाली. मग आणखी एक काटा कडेला ठेवत, त्यांच्याकडे न बघता, "पन आमच्याकडच्यावानी लागतोय."

पुढच्या वर्षी दसरा उलटला, दिवाळी जवळ आली, तरी साडूंनी मासेमारीचं नाव काढलं नाही. न राहवून मीच पारनेरला गेलो आणि विषय काढला. "आता कशाला?" ते म्हणाले, आणि मला मुळ्याच्या भाजीचा वाफा दाखवायला घेऊन गेले. परतताना बस धरणाच्या फाट्यावर आली तेव्हा मी आपोआप उठून उभा राहिलो.

"उतरायचंय का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही," म्हणालो, आणि बसलो.